खुणेचा शब्द

४ जुलै

ताई,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. मग कागदच बदलला, कारण खोडलेलं तुला दिसलं असतं आणि तू त्याचाही फोटो काढला असतास.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. एक अट आहे. हे पत्र कॅमेऱ्यासमोर वाचायचं नाही. 'तीन वर्षांनी धाकट्या बहिणीचं पत्र आलंय, बघा ना, माझे हात कसे थरथरतायत' असलं काही दिसलं तर हे पहिलं आणि शेवटचं पत्र समज.

समेटासाठी लिहीत नाहीये. अप्पांना विसर पडायला लागला तेव्हा ते दारात उभे राहून स्वतःची आई कुठे गेली म्हणून विचारायचे, पुन्हा पुन्हा विचारायचे, आणि तू त्याचा व्हिडिओ केलास. खाली हसण्याचा आवाज जोडलास. लोकांनी पोट धरधरून हसून घेतलं. मी तुला तेव्हा जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. तू मला बंद केलंस, मी तुला मनातून काढलं, हिशोब मिटला.

पण तुझी मुलगी माझ्या वर्गात आहे, त्याला मी काय करू? तुमच्या घराजवळ ही एकच बरी शाळा आहे आणि पाचवीला कम्प्युटर मीच शिकवते. वर्गात ती मला 'मॅडम' म्हणते आणि जिन्यात कोणी नसलं की 'मावशी'. हे तुला माहीत नसेल. तिने कॅमेऱ्याबाहेर केलेलं तुला काय माहीत असतं?

या सत्रात आम्हाला मुलांना 'सुरक्षित इंटरनेट' शिकवायचं आहे. वरून पुस्तिका आली. मुखपृष्ठावर एक मुलगा कम्प्युटरकडे बघून हसतोय आणि कम्प्युटर बंद आहे. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते आणि आमच्या मुख्याध्यापकांच्या मते ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याकडे ज्ञान.

पहिल्या तासाला विचारलं, अनोळखी माणसाला इंटरनेटवर काय सांगायचं नाही? पोरं शहाणी आहेत. नाव, पत्ता, शाळा, बाबा कधी घरी नसतात ते, असं पटापट सांगायला लागली. तुझ्या मुलीने हात वर केला. म्हणाली, "मॅडम, पण ज्याचं आधीच सगळ्यांना माहीत असेल, त्याने काय करायचं?"

मी तोंड उघडायच्या आत वर्गाने उत्तर दिलं. तिच्या कुत्र्याचं नाव एकाने सांगितलं. तिची खिडकी मागच्या गल्लीत उघडते हे दुसऱ्याने. तिचा कोणता दात कधी पडला, ती इंजेक्शनला कशी ओरडली, सगळं पाठ आहे त्यांना. मागच्या बाकावरचा एक शहाणा म्हणाला, "आणि तिने आत्याच्या घरी गादी ओली केली होती." सगळे हसले. ताई, तीसुद्धा हसली. आधी ओठ रुंद, मग मान जराशी डावीकडे, मग डोळे. ते तिचं हसू नाही. ते तुझ्या 'भिंगरीची दुनिया' चॅनेलवरचं हसू आहे.

हो, पाहते मी तुझे व्हिडिओ. सगळे पाहते. शत्रूवर नजर ठेवावी लागते.

तिला उत्तर काय द्यायचं ते मला सुचलं नाही. पुस्तिकेत नाही. तुला सुचलं तर कळव.

तुझी बहीण (हे मात्र खोडता येत नाही)


१५ जुलै

ताई,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशा नव्हतीच.

आमच्याकडे काल तज्ज्ञ आले होते. गळ्यात टाय, कानात यंत्र, आणि अख्खी शाळा ऊन खात पटांगणात बसलेली. त्यांनी पोरांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, 'आम्ही अनोळखी व्यक्तीला आमची माहिती देणार नाही.' तीन वेळा. मग म्हणाले, ज्याला प्रमाणपत्र हवं असेल त्याने घरी जाऊन माझ्या पानावर नाव, जन्मतारीख, शाळा आणि आईचा फोन नंबर भरावा. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी होते. शेजारच्या गणिताच्या बाईंना म्हटलं, "ऐकलंत का?" त्या म्हणाल्या, "हो, प्रमाणपत्र रंगीत आहे."

मग मुख्याध्यापकांनी पोरांच्या हातात फलक दिले. 'माझी माहिती, माझी जबाबदारी.' प्रत्येकाच्या छातीवर नावाची आणि तुकडीची पट्टी, वरती शाळेचं नाव, सगळे ओळीत. फोटो काढला आणि पाच मिनिटांत शाळेच्या पानावर चढवला. मी सांगायला गेले तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार नकारात्मक आहात." यांना मी मनात 'फोटोसाहेब' म्हणते. तुझं आणि त्यांचं छान जमेल.

हे सगळं मूर्खपणाचं होतं, पण निरुपद्रवी होतं. तू जे केलंस ते निरुपद्रवी नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मी पाचवीला घरचा अभ्यास दिला होता. घरच्या माणसांबरोबर बसून एक खुणेचा शब्द ठरवा. कोणी शाळेत घ्यायला आलं आणि म्हणालं की आईने पाठवलंय, तर आधी तो शब्द विचारायचा. शब्द चुकला तर जायचं नाही, ओरडायचं. शब्द घरातल्या माणसांखेरीज कोणालाही सांगायचा नाही. मलाही नाही. गेटवरच्या काकांनाही मी हे समजावून दिलं. त्यांना फार आवडलं. त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना काहीतरी महत्त्वाचं विचारायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तुझी मुलगी खुर्च्या सरळ करत रेंगाळली. आणखी सरळ होण्यासारखी एकही खुर्ची उरली नाही तेव्हा म्हणाली, "मावशी, आमचा शब्द ठरला."

"छान. मला सांगू नकोस."

"तुला माहीत असेल," ती म्हणाली. "आईने त्याच्यावर व्हिडिओ केलाय."

मला वाटलं ती गंमत करते आहे. घरी येऊन पाहिलं. तू सोफ्यावर, भावोजी बहुतेक नेहमीसारखे दिवा धरून, आणि भिंगरी तुझ्या मांडीवर बसण्याइतकी लहान राहिलेली नाही तरी मांडीवर. 'प्रत्येक आईने करायलाच हवी अशी एक गोष्ट.' तू सगळं व्यवस्थित समजावून सांगितलंस. माझंच वाक्य घेतलंस, ते जाऊ दे. आणि मग भिंगरीला म्हणालीस, "सांग बरं आपला शब्द." ती तुझ्याकडे बघत राहिली. तू तिला कोपराने ढोसलंस, ते दिसतं व्हिडिओत. ती म्हणाली, "निळी छत्री."

चार लाख लोकांसमोर. खाली कोणीतरी लिहिलंय, 'किती गोड गं.' कोणी लिहिलंय, 'आमचाही शब्द हाच ठेवला.' मी तिथे बसून कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या जगाला वाटून टाकलेल्या कुलपाच्या किल्लीला तू 'सुरक्षा' म्हणतेस आणि लोक तुला आदर्श आई म्हणतात. तुझ्यात आणि त्या टायवाल्यात फरक इतकाच, की त्याने दुसऱ्यांच्या पोरांची वाट लावली.

तो व्हिडिओ काढून टाक. शब्द बदल. निदान एवढं कर.


२२ जुलै

ताई,

तू काढला नाहीस.

आज तू शाळेत पोचलीस तोवर भावोजी तिला घेऊन गेले होते आणि मी पोलिसांबरोबर बसले होते, त्यामुळे आपली भेट झाली नाही. ती घरी गप्प आहे, तोंडच उघडत नाही, असं भावोजी म्हणाले. म्हणून जे मला गेटवरच्या काकांनी आणि तिने सांगितलं ते लिहिते.

शाळा सुटली तेव्हा आम्ही सगळे शिक्षक बैठकीत होतो. फोटोसाहेब पुढच्या कार्यक्रमाला कोणाला बोलवायचं ते ठरवत होते. गेटवर एक माणूस आला. साधा, इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातात हेल्मेट. भिंगरीला नावाने हाक मारली. म्हणाला, आईला गाडीचा धक्का लागलाय, दवाखान्यात नेलंय, मी तिच्या ऑफिसातला, चल लवकर.

तुझं ऑफिस नाही हे काकांना कुठे माहीत? पण त्यांनी त्याला अडवलं. माझ्या शिकवणीप्रमाणे ताठ उभे राहून विचारलं, "शब्द सांगा."

तो म्हणाला, "निळी छत्री."

काका भिंगरीकडे वळले. "बरोबर आहे का गं?" ती म्हणाली, "बरोबर आहे." काकांनी फाटकाची कडी काढली. संध्याकाळी ते माझ्यासमोर उभे राहून हेच परत परत सांगत होते. "मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. शब्द बरोबर होता. बरोबर होता हो." म्हातारा माणूस. मी त्यांना काय सांगू? चूक त्यांची नव्हती. माझीही नव्हती. कोणाची होती ते तुला कळतंय.

भिंगरी जागची हलली नाही. मी तिला नंतर विचारलं, का गेली नाहीस? मला वाटलं होतं ती काहीतरी घाबरल्यासारखं बोलेल. ती अगदी शांतपणे म्हणाली, "तो शब्द सगळ्यांनाच माहीत आहे ना, मावशी. मग दुसरं काहीतरी विचारायला पाहिजे होतं. पण व्हिडिओत नाही असं काही आठवेचना."

हे वाक्य परत वाच. दहा वर्षांची मुलगी, समोर परका माणूस, फाटक उघडं, आणि ती डोक्यात तुझे सगळे व्हिडिओ चाळतेय, की माझं असं काय उरलंय जे ह्याने पाहिलेलं नाही. कुत्रा पाहिला. खोली पाहिली. दात पाहिला.

मग तिला सापडलं. तिने विचारलं, "आई मला काय म्हणून हाक मारते?"

"भिंगरी," तो म्हणाला.

"ते कॅमेऱ्यासमोर. एरवी काय म्हणते?"

तो हसला. म्हणाला, पिल्लू. मग म्हणाला, बेटा. मग तिचा हात धरायला पुढे झाला. ती काकांच्या मागे गेली आणि मी वर्गात शिकवलं होतं तशी पोटातून ओरडली, "मी ह्यांना ओळखत नाही." बैठकीच्या खोलीपर्यंत आवाज आला. आम्ही धावत खाली येईतो तो स्कूटर काढून पळाला होता. काकांनी स्कूटरचा नंबर अर्धा वाचला.

मी तिला विचारलं, मग आई एरवी काय म्हणते? तिने माझ्या कानात सांगितलं.

ताई, आज दुपारभर पोलिसांसमोर मी तुला शिव्या घालत बसले होते, आणि तेवढ्यात ते नाव ऐकलं. घरी येऊन तुझे व्हिडिओ पुन्हा धुंडाळले. तू ते नाव एकदाही घेतलेलं नाहीस. एकदाही चुकून निसटलेलं नाही. मी दहावीला जाईपर्यंत तू मला ज्या नावाने हाक मारायचीस, ते नाव तू तिला दिलंस आणि जगापासून लपवून ठेवलंस. ते मी इथे लिहीत नाही. मला वाटलं होतं तू विकायला काढलं नाहीस असं काही उरलंच नसेल. एवढं एक उरलं होतं, म्हणून पोरगी घरी आली.

याचं श्रेय तुला देते. यापेक्षा जास्त माझ्याकडून मिळणार नाही.


३० जुलै

ताई,

फोटोसाहेबांच्या खोलीत आपण भेटलो तेव्हा तुझं पहिलं वाक्य होतं, "जाड झालीस." तीन वर्षांनी. खरं सांगू, मला बरं वाटलं. एवढं एक वाक्य तू कोणासाठी तयार करून आणलेलं नव्हतंस.

मग पोलीस बाईंनी सांगितलं की तो माणूस सापडला. बायको आहे, मुलं आहेत, नोकरी आहे. तुझ्या प्रत्येक व्हिडिओखाली तो 'आमची भिंगरी' असं लिहीत असे. बाईंनी तुझ्यासमोर छापील कागद ठेवले आणि विचारलं, "ह्याला तुम्ही ओळखता?" तू म्हणालीस नाही. त्या म्हणाल्या, "प्रत्येक वेळी तुम्ही खाली बदाम टाकलाय." तू कागदाकडे बघत राहिलीस. तुझे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, आता तरी. मी खुर्ची तुझ्याजवळ ओढणार होते.

फोटोसाहेबांना मात्र धीर निघेना. ते म्हणाले, भिंगरीचा सत्कार करू या, पुष्पगुच्छ, फोटो, बातमी, शाळेच्या उपक्रमाचं यश. पोलीस बाईंनी त्यांच्याकडे जे पाहिलं ते मी जन्मभर जपून ठेवणार आहे.

आणि तू बाहेर पडलीस, गाडीत बसलीस, आणि फोन काढलास.

मी संध्याकाळी पाहिला. 'माझी मुलगी थोडक्यात वाचली, प्रत्येक आईने ऐकावं.' तू रडलीस. मधेच थांबून केस कानामागे घेतलेस, मग पुन्हा रडलीस. मागच्या सीटवर भिंगरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तू म्हणालीस, "बाळा, सांग ना सगळ्यांना काय झालं." ती वळली नाही. तू पुन्हा म्हणालीस. तिने हात पुढे केला आणि तळवा काचेवर ठेवावा तसा तुझ्या फोनवर ठेवला. एक क्षण पडद्यावर नुसत्या बोटांच्या रेषा दिसतात. तो भाग तू कापलाही नाहीस. उलट खाली लिहिलंस, 'माझं बाळ अजून धक्क्यात आहे.'

धक्क्यात नाही ती. तिने तुला 'नको' म्हटलं. पाचवीच्या पुस्तिकेत, पान नऊवर आहे: कोणी तुमचा फोटो काढत असेल आणि तुम्हाला नको असेल, तर स्पष्ट 'नको' म्हणा. त्यांनी चित्रात अनोळखी माणूस काढलाय. आई काढायचं त्यांना सुचलं नाही.

मी अजिबात रागावलेली नाही. रागावायला समोर कोणीतरी असावं लागतं. तुझ्याकडे बघितलं की मला एक आरसा दिसतो, आणि त्यातही आरसाच.


१३ ऑगस्ट

ताई,

भावोजींच्या फोनवरून तुझा निरोप आला. आवाज तुझाच होता, मागे कोणतंही संगीत नव्हतं, म्हणून शेवटपर्यंत ऐकला.

"तूच शिकवलंस तिला," तू म्हणालीस. "तू माझ्या मुलीला माझ्याविरुद्ध उभं केलंस. आता ती कॅमेरा लागला की पुतळ्यासारखी उभी राहते. हसत नाही, बोलत नाही. लोक विचारतायत भिंगरी आजारी आहे का. मी काय सांगू त्यांना?"

मी पाहिलेत ते व्हिडिओ. पहिल्यात तू तिला नवा फ्रॉक दाखवतेस आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय. दुसऱ्यात कुत्रा तिच्या अंगावर उड्या मारतोय आणि ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते, पण तोंड मिटून. तिसऱ्यात तू एकटीच बोलतेस आणि ती तुझ्या बाजूला बसून जांभई देते. लपवून नाही, चांगला जबडा उघडून. मी इतकी हसले की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.

नाही, मी तिला शिकवलं नाही. शिकवलं असतं तर मिरवलं असतं. तिचं तिलाच सुचलं. तिच्याकडे फक्त तिचा चेहरा होता, तिने तो परत घेतला.

आता तुझ्या निरोपाचा शेवट. तो तू बहुधा पुसणार होतीस आणि चुकून पाठवलास. तू म्हणालीस, "कॅमेरा बंद असला तरी ती बोलत नाही गं माझ्याशी. जेवताना नाही, झोपताना नाही. त्या दिवशी काय झालं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. काकांना सांगितलं. त्या पोलीस बाईला सांगितलं." मग, "मी काय करू?"

'मी काय सांगू त्यांना' आणि 'मी काय करू', दोन्ही एकाच निरोपात. पहिल्याचं उत्तर मी देणार नाही, कारण 'त्यांचं' मला काही पडलेलं नाही.

दुसऱ्याचं उत्तर: तिला वाटतं की तुला सांगितलेलं सगळं चार लाख लोकांना सांगितल्यासारखं आहे. तिचं चुकतं का? म्हणून ती तुला सांगत नाही. माझी मुलगी असती तर मी तिला हेच शिकवलं असतं.

रविवारी तिला घेऊन माझ्याकडे ये. फोन घरी ठेव. भावोजींना आणू नकोस, त्यांचे हात दिव्याशिवाय मोकळे राहिले की ते घाबरतात.


२६ ऑगस्ट

ताई,

परवा रविवारी जे झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तू ते कुठेच साठवलेलं नसणार.

तू फोन आणलास. 'घरी ठेवते' म्हणालीस आणि पर्समध्ये आणलास. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंगरीने दारातच हात पुढे केला. नुसता हात. तू म्हणालीस, "अगं, अडीअडचणीला असावा." हात तसाच. शेवटी तू दिलास. तिने तो नेऊन माझ्या धुण्याच्या मशिनमध्ये ठेवला, झाकण लावलं, आणि मग येऊन तुझ्या समोरच्या खुर्चीत बसली. मशिनच्या पोटात तो अधूनमधून वाजत होता. तुझी नजर दर वेळी तिकडे जायची. ती थांबायची, तुझी नजर परत येईपर्यंत वाट बघायची, मग पुढे बोलायची.

तिने फाटकापासून सगळं सांगितलं. आम्हाला सांगितलं होतं तेच. मला वाटलं संपलं, मी चहा टाकायला उठले. तेव्हा ती म्हणाली, "आणि एक मी कोणालाच सांगितलं नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

"एकदा मला वाटलं होतं जावं त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "शब्द सांगितल्यावर त्याने विचारलं, डबा खाल्लास का, दमलीस का. आणि तो माझ्याकडे बघून विचारत होता. तू विचारतेस तेव्हा फोनकडे बघतेस."

तू 'सॉरी' म्हणाली नाहीस, जवळ ओढलं नाहीस, तुझ्या व्हिडिओत असतं तसलं काहीच केलं नाहीस. तू रडायला लागलीस. ताई, तुझं खरं रडणं मी आपण लहान असतानाच शेवटचं पाहिलं होतं. अजून तसंच आहे. तोंड वाकडं होतं, नाक वाहतं, घशातून मोटार सुरू न होण्यासारखा आवाज येतो. फार कुरूप रडतेस तू. ते चार लाख लोकांनी पाहिलं नाही याचा मला आनंद आहे. ते आम्हा दोघींचं आहे.

भिंगरीने तुला रुमाल दिला. मग स्वतःच मशिन उघडून फोन आणला आणि तुझ्यासमोर धरला. "काढून टाक," ती म्हणाली. "सगळं." तू माझ्याकडे पाहिलंस, जणू मी म्हणणार आहे की एवढं नको. मी नाही म्हटलं. तू सगळी 'भिंगरीची दुनिया' काढायला घेतलीस. फोनने विचारलं, नक्की का? तुझं बोट तिथे अडकलं. ती तुझ्या बोटाकडे बघत नव्हती, तुझ्या तोंडाकडे बघत होती. तू दाबलंस.

जिन्यातून उतरताना ती बोलत होती. तुम्ही खालच्या वळणावर जाईपर्यंत मला तिचा आवाज येत होता. कुत्र्याबद्दल काहीतरी होतं.

हे सगळं इथेच संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. पण आज पाचवीचा तास होता. पुस्तिकेतला शेवटचा धडा, 'इंटरनेटवरचं पुसता येतं का?' मी सांगत होते की एकदा बाहेर गेलेलं कोणाकडे ना कोणाकडे राहतंच, म्हणून टाकण्याआधी विचार करायचा. तुझ्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, ज्याने पुसलं, त्याला स्वतःला ते परत आणता येतं का?"

तुला माहीत आहे ते. मलाही माहीत आहे. परवा तू दाबलंस तेव्हा पडद्यावर खाली बारीक अक्षरात लिहून आलं होतं की महिनाभर सगळं जसंच्या तसं परत मिळवता येईल. मी वाचलं. तू वाचलंस. आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि गप्प बसलो. तिलाही वाचता येतं हे आपण विसरलो.

वर्ग माझ्याकडे बघत होता. इथे 'नाही' म्हणणं सोपं होतं. तिला शांत झोप लागली असती. पण मी दोन महिने त्या पोरांना खरं सांगते आहे. माझ्याजवळ तेवढीच एक अब्रू आहे.

म्हटलं, "येतं. थोडे दिवस. आणायचं की नाही, ते पुसणाऱ्याच्या हातात असतं."

"बरं," ती म्हणाली आणि खाली बसली. मग वही उघडता उघडता, कोणाला ऐकू जावं म्हणून नाही, स्वतःशीच म्हणाली, "मग मी रोज बघेन."

तेवढं सांगायचं होतं. ती रोज बघणार आहे. मीही बघणार आहे, पण माझं सोड. माझं तुझ्याबद्दलचं मत तसं फार चांगलं कधीच नव्हतं.

पुढच्या रविवारी या. मशिन रिकामं ठेवते.